वाण विचारू नका, नसबंदी विचारा

गृहसंकुलाच्या बागेत, महापालिकेच्या उद्यानात किंवा गावाबाहेरच्या टेकडीवर पांढरा किंवा काळा-पांढरा ससा दिसला, की तो रानातून वाट चुकून आला असावा असे बरेच जण समजतात आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ देतात. ही समजूत सशाच्या जिवावर बेतते. महाराष्ट्राच्या माळरानांवर आढळतो तो काळ्या मानेचा भारतीय ससा: अंगाने सडसडीत, पायांनी उंच, मातकट करड्या रंगाचा, मानेमागे काळसर डाग असलेला. त्याची पिल्ले उघड्या जमिनीवर जन्मतात आणि जन्मतःच त्यांच्या अंगावर केस असतात, डोळे उघडे असतात. पाळीव ससा हा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा प्राणी. त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. या दोघांची वंशशाखा निराळी आहे, त्यांचा संकर होत नाही आणि पाळीव सशाचा रानटी पूर्वज भारतात कुठेही राहत नाही. म्हणून रंगीबेरंगी किंवा पांढराशुभ्र ससा आपल्याकडे उघड्यावर सापडला, तर त्यातून एकच अर्थ निघतो. त्याला कोणीतरी विकत घेतले होते आणि तो आता त्या घरात नाही. तो हरवला असेल किंवा सोडून दिला असेल, पण रानातला मात्र नाही. उलट, खरोखरच रानातला ससा किंवा त्याचे पिल्लू दिसले तर त्याला घरी आणायचे नसते. तो वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धडधाकट असेल तर हात न लावता दूर व्हावे.

सोडलेल्या पाळीव सशाला नवे घर मिळवून देण्याची धडपड शहराशहरांत अनेक माणसे मनापासून करतात. पण त्या धडपडीत पहिला प्रश्न बहुधा चुकीचा विचारला जातो. ससा घ्यायला आलेला माणूस विचारतो, ‘हा कोणत्या वाणाचा?’ देणाराही उत्तर शोधू लागतो, कारण मोठे नाव सांगितले की ससा लवकर उचलला जातो हे त्याला ठाऊक असते. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळातूनच सोडून द्यावा. बेघर होणारे ससे वाणामुळे बेघर होत नाहीत आणि वाण पाहून दिलेले घर टिकतही नाही. नर की मादी, नसबंदी झाली आहे का, आणि मे महिन्यात तो घरात कुठे राहणार, या तीन प्रश्नांवर सशाचे पुढचे आयुष्य ठरते. या तिन्हींची उत्तरे हाती नसताना ससा दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे त्याला पुन्हा रस्त्याकडे पाठवणे होय.

आपल्या बाजारात वाणाच्या नावाला आधार किती असतो, ते आधी पाहू. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी आणि गावोगावच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ‘डच’, ‘अंगोरा’, ‘लायनहेड’, ‘लॉप’ अशी नावे सांगून पिल्ले विकली जातात. त्या पिल्लाचे आईबाप कोण, हे सांगणारा वंशावळीचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात पडत नाही. भारतात सशांची पैदास मुख्यतः मांस आणि लोकरीसाठी वाढली. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने, तिच्या हिमाचलातल्या गारसा केंद्राने आणि कोडाइकनालजवळच्या मन्नावनूर केंद्राने न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, अंगोरा अशा वाणांवर काम केले. हे वाण आणि त्यांचे संकर शेतकऱ्यांकडे गेले, तिथून व्यापाऱ्यांकडे आणि पुढे दुकानांत आले. म्हणूनच ‘हा एवढाच राहतो’ असे सांगून विकलेले पांढरे पिल्लू वर्षभरात तीन-चार किलोंचे होते आणि पिंजऱ्यात मावेनासे होते. त्यात दुकानदाराची लबाडी असेल किंवा निव्वळ अज्ञान असेल; घेणाऱ्याची फसगत दोन्ही प्रकारे सारखीच होते. आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक पाळीव ससा मिश्र वाणाचा आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे आहे.

मिश्र वाणात कमीपणा तर नाहीच, उलट आपल्या हवेत तो सशाच्या पथ्यावर पडतो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः लांब, उभ्या कानांतून बाहेर टाकतो आणि पारा तिशीकडे गेला की त्याला त्रास होऊ लागतो. अंगोराची दाट लोकर हिमाचलच्या थंडीत उपयोगी असेल. जळगाव, नागपूर किंवा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती जीवघेणी ठरू शकते. कान खाली पडलेल्या लॉप सशांच्या कानाची नळी अरुंद होते, तिथे मळ साचतो आणि दुखणी वाढतात. चपट्या, आखूड तोंडाच्या वाणांत दातांची ठेवण बिघडते. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि एकमेकांवर घासूनच झिजतात, त्यामुळे ठेवण बिघडलेला ससा शेवटी उपाशी राहतो. ‘बुटका’ ससा ज्या जनुकामुळे बुटका राहतो, ते जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तर पिल्लू जन्मल्यावर काही दिवसांत मरते. असा बुटकेपणा मुद्दाम टिकवायचा, तर काही पिल्लांचे मरण आधीच गृहीत धरावे लागते. या तुलनेत उभ्या कानांचा, आखूड केसांचा, मध्यम लांबीच्या तोंडाचा साधा मिश्र ससा आपल्या घरांना अधिक मानवतो. तरीही तोच मागे राहतो, विशेषतः लाल डोळ्यांचा पांढरा. ते लाल डोळे म्हणजे रंगद्रव्याचा अभाव, इतकेच. तीव्र प्रकाशाचा त्याला त्रास होतो, म्हणून त्याला उन्हापासून जपावे लागते. स्वभावाशी किंवा आयुष्याशी त्या रंगाचा काही संबंध नाही.

मग ससे बेघर का होतात? याचे उत्तर त्यांच्या शरीरधर्मात आहे. लहान पिल्लाचे लिंग ओळखणे अवघड असते, आणि ‘दोन माद्या’ म्हणून घेतलेल्या जोडीतला एक नर निघणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. चार ते सहा महिन्यांत ससे वयात येतात. मादीचा गर्भकाळ साधारण ३० दिवसांचा असतो, एका वेळी पाच-सहा किंवा त्याहूनही अधिक पिल्ले होतात आणि विणे झाल्यावर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. गाय किंवा कुत्रीसारखी तिला माजाच्या ठरावीक काळाची वाट पाहावी लागत नाही. मीलनामुळेच तिचे बीज सुटते. वयात आलेला नर कोपऱ्याकोपऱ्यात मुताचे फवारे मारतो, नर-नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात, मादी पिंजऱ्यात हात घालणाऱ्याला चावते. वाढदिवसाला आणलेल्या कापसाच्या गोळ्याचा सहा महिन्यांत असा त्रास सुरू झाला, की घरात वाद होतात आणि कोणीतरी त्याला ‘मोकळ्या हवेत’ नेऊन सोडतो. यातली बहुतेक कारणे नसबंदीने कमी होतात किंवा संपतात. मादीच्या बाबतीत तर ती तिच्या जिवासाठीच हवी. नसबंदी न झालेल्या, चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. त्यातली पहिली सहा महिन्यांची ओढ सोडली, तर बाकीचा सारा काळ त्याच्या वाणाने नव्हे, याच गोष्टींनी ठरतो.

ससा सापडल्यावरचे पहिले काही तास म्हणूनच महत्त्वाचे असतात. त्याच्यामागे धावू नये; घाबरलेला ससा जिवाच्या आकांताने पळतो आणि त्या धावपळीत त्याचा पाठीचा कणाही मोडू शकतो. दोघातिघांनी पुठ्ठे किंवा जाळी आडवी धरून त्याला हळूहळू कोपऱ्यात आणावे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवा. कान धरून उचलणे ही क्रूरता आहे. घरी आणल्यावर पसरट भांड्यात पाणी, भरपूर ताजे किंवा वाळके गवत, दुर्वा, थोडी कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला पुरेसा आहे. पोळी, बिस्किट, भात आणि गोडसर गाजराचे ढीग त्याच्या पोटाला सोसत नाहीत. चित्रांत ससा नेहमी गाजर खाताना दाखवतात; प्रत्यक्षात त्याचे मुख्य अन्न गवतच. ससा बारा तास काही खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल, तर उद्यापर्यंत थांबू नये, कारण त्याचे आतडे थांबले की जीव जायला वेळ लागत नाही. घरात आधीचे ससे असतील तर नव्याला वेगळे ठेवावे. खरूज आणि कानातल्या किडी एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातात. औषधांची तर विशेष काळजी हवी. कुत्र्यांच्या पिसवांवर सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला विषासारखे आहे, आणि तोंडाने दिलेले अमॉक्सिसिलिन त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते. त्यामुळे शेजाऱ्याच्या कुत्र्याचे औषध त्याला देऊ नये, सशांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा. मादी असेल तर ती गाभण असल्याचे धरूनच चालावे.

यानंतर मूळ मालकाचा शोध घ्यायचा. प्रत्येक ससा टाकलेलाच असतो असे नाही. बाल्कनीच्या जाळीतून निसटलेलाही असू शकतो. आसपासच्या इमारतींत आणि जवळच्या दवाखान्यांत सूचना लावावी, पण त्यात त्याची एक खूण मुद्दाम सांगू नये. मालक म्हणून येणाऱ्याने ती स्वतःहून सांगितली, तरच ससा त्याच्या हाती द्यावा. कोणी आलेच नाही, तर नव्या घराचा विचार. इथे ‘मोफत, आजच घेऊन जा’ अशी जाहिरात करणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. फुकट मिळणारा, नसबंदी न झालेला ससा पैदाशीसाठी किंवा पुन्हा विकण्यासाठी नेणाऱ्याला अडवायला मग कोणतेच साधन उरत नाही. नसबंदी झालेला ससा पैदास करणाऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणजे एकाच शस्त्रक्रियेने पुढच्या पिल्लांची साखळी तुटते आणि चुकीचा मागणीदारही आपोआप गळतो. नराच्या बाबतीत एक पथ्य आहे: शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, त्यामुळे तेवढे दिवस त्याला वेगळे ठेवावे लागते. नव्या कुटुंबाला विचारायचे प्रश्न साधे आणि ठोस असावेत. ससा पिंजऱ्यात राहणार की खोलीत फिरणार? उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तर काय कराल? गावाला गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहील? सशांचे डॉक्टर जवळपास कोण आहेत? ब्रिटनमधल्या ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ या संस्थेने दोन सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सुचवली आहे. मुंबईच्या एका खोलीच्या घरात एवढा पिंजरा उभा राहणार नाही, हे खरेच. पण जाळीबंद, वायरी झाकलेल्या खोलीत ससा मोकळा ठेवता येतो. आणि शक्य असेल तिथे नसबंदी झालेली, एकमेकांशी जुळलेली जोडी एकत्रच द्यावी. ससा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटेपणा त्याला मानवत नाही.

यावरचा पहिला आक्षेप व्यावहारिक आहे: एवढ्या अटी घातल्या तर ससे घेणार कोण? आधीच मागणी कमी, त्यात प्रश्नपत्रिका आणि शस्त्रक्रियेचा खर्च. मग ससे सांभाळणाऱ्यांच्या घरीच साठून राहतील. ही अडचण खरी आहे आणि सांभाळणाऱ्यांवरचा ताणही खरा आहे. पण उलट बाजूही पाहिली पाहिजे. घाईने दिलेला, नसबंदी न झालेला एक ससा काही महिन्यांत आपल्या पिल्लांसह परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, परत येतच नाही. एक जागा आज रिकामी करण्यासाठी उद्याच्या सहा जागा भरण्याला मार्ग म्हणता येत नाही. शिवाय अट सैल करायचीच असेल, तर वाणाची, रंगाची आणि वयाची करावी. मोठ्या वयाचा, स्वभाव कळलेला, मलमूत्राची जागा शिकलेला मिश्र ससा पहिल्यांदाच ससा आणणाऱ्या घराला दुकानातल्या पिल्लापेक्षा कितीतरी सोपा जातो. हे नीट समजावून सांगितले, तर आज ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्या सशालाही मागणी येऊ शकते.

दुसरा आक्षेप शस्त्रक्रियेच्या धोक्याचा आहे आणि तोही गंभीरपणे घ्यायला हवा. सशाला भूल देणे कुत्र्या-मांजरांपेक्षा अधिक जोखमीचे असते, हे खरे. परंतु या जोखमीचा बराच भाग अनुभवाच्या अभावातून येतो. उदाहरणार्थ, सशाला उलटी होत नाही, त्यामुळे इतर प्राण्यांप्रमाणे त्याला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट उपाशी ठेवल्यास त्याच्या आतड्याची हालचाल मंदावते. हे ठाऊक असलेल्या, सशांवर नेहमी काम करणाऱ्या पशुवैद्याच्या हाती हा धोका बराच कमी होतो. तसे पशुवैद्य आज मोजक्या शहरांत आहेत. पण यावर नसबंदी टाळणे हा उपाय नाही. असे पशुवैद्य वाढवणे हा उपाय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत सशांच्या शस्त्रक्रियांचे नियमित प्रशिक्षण झाले, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही ही सोय पोहोचेल. तोवर नर आणि मादी कटाक्षाने वेगळे ठेवावेत, आणि नसबंदीची तारीख ठरल्यावरच ससा द्यावा.

तिसरा आक्षेप मनाला अधिक बोचणारा आहे. ज्या राज्यात माणसांचे इतके प्रश्न पडले आहेत, कुत्र्यांचा प्रश्न सुटलेला नाही, ससे मांसासाठी कापलेही जातात, तिथे एका टाकलेल्या सशासाठी एवढी यातायात कशाला? मांसासाठीच्या ससेपालनाबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असेल. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे इथे कारण नाही. घरात आणलेल्या जिवाची जबाबदारी आणणाऱ्यावर येते, हे शाकाहारी आणि मांसाहारी दोघेही मान्य करतील. पाळीव ससा मोकळा सोडला की स्वतंत्र होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या, पांढऱ्या रंगामुळे लांबूनच दिसणाऱ्या या प्राण्याला कुत्री, मांजरे, घारी आणि उन्हाचा तडाखा यांपुढे फार काळ टिकता येत नाही. आणि जिथे तो टिकला, तिथे काय झाले याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन याने शिकारीसाठी २४ ससे सोडले आणि काही दशकांत त्यांच्या वंशजांनी खंडाचा मोठा भाग उजाड केला. क्वीन्सलँडमध्ये आजही ससा पाळण्यास सामान्य नागरिकाला बंदी आहे. म्हणजे सोडलेला ससा मेला तर ती क्रूरता आणि जगला तर तो निसर्गावरचा भार. मोकळे सोडण्याचा पर्याय दोन्ही बाजूंनी बंद आहे.

ही जबाबदारी फक्त दयाळू व्यक्तींवर टाकून चालणार नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे गवताच्या एका पिशवीपेक्षाही कमी. हा दंड आजच्या काळाला साजेल इतका वाढवणे संसदेच्या हाती आहे. राज्याच्या हाती याहून लवकर करता येण्यासारखे एक काम आहे. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत सशाचा उल्लेख आहे आणि दुकानांना नोंदणी सक्तीची आहे. या नियमांची अंमलबजावणी व्हावी. नोंदणीच नसलेली विक्री बंद व्हावी. आणि पिल्लू विकताना त्याचे लिंग, वय, पूर्ण वाढीचे अपेक्षित वजन आणि नसबंदीचा सल्ला लेखी द्यावा, अशी अट राज्याने घालावी. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणासाठी २००१ पासून नियम आहेत, २०२३ मध्ये ते नव्याने आले. त्यासाठीच्या व्यवस्थेत टाकलेल्या सशांच्या नसबंदीसाठी महिन्यातला एखादा दिवस राखणे महापालिकांना अशक्य नाही.

सशाला घर मिळवून देणारे, घेणारे आणि विकणारे यांच्यातली बोलण्याची भाषा बदलली, तर यातले बरेच काही सरकारी आदेशाची वाट न पाहता घडू शकते. सूचनेत ‘डच मिक्स’ किंवा ‘लायनहेड क्रॉस’ असे लिहिण्याऐवजी ‘नर, अंदाजे दोन वर्षांचा, नसबंदी झालेली, थंड खोलीची सोय हवी’ असे लिहावे. घेणाऱ्यानेही वाणाऐवजी हेच विचारावे. मिश्र वाणाच्या सशाला आपण उपकार म्हणून घर देत नाही. आपल्या हवेला आणि आपल्या घरांना शोभणारा तोच ससा आहे, आणि त्याला शेवटपर्यंत सांभाळणारे घर मिळवून देणे हे त्याला इथे आणून वाढवणाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.